प्रेक्षक हरवल्यानंतर : टी. जे. क्लार्क यांचा कलेतिहास

कलाकृतीचे राजकारण नेमके कोठे असते, या प्रश्नाला दोन उत्तरे सहज मिळतात. पहिले असे, की ते विषयात असते : चित्रकाराने खडी फोडणारे मजूर रंगविले की चित्र पुरोगामी झाले, सरदाराचे व्यक्तिचित्र रंगविले की ते प्रतिगामी झाले. दुसरे असे, की ते कलाकृतीत नसतेच. ते चित्रकाराच्या चरित्रात, त्याच्या पक्षनिष्ठेत किंवा काळाच्या 'पार्श्वभूमी'त असते, आणि कलाकृती या सगळ्यापासून अलग अशा आपल्या घाटाच्या स्वायत्ततेत नांदते. मराठी समीक्षेला ही दोन्ही उत्तरे चांगली परिचित आहेत. फडके-खांडेकर वादापासून बांधिलकीच्या चर्चेपर्यंत आलटूनपालटून त्यांचाच आश्रय घेतला गेला आहे. इंग्रज कलेतिहासकार टी. जे. क्लार्क यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या लेखनाचे महत्त्व असे, की ही दोन्ही उत्तरे एकाच गैरसमजातून निघतात हे त्यांनी दाखवून दिले. आणि तेही निव्वळ तात्त्विक युक्तिवादाने नव्हे, तर एकेका चित्रासमोर ठाण मांडून. तथापि या लेखनाचा एकरंगी गौरव करणे सोपे असले तरी न्याय्य होणार नाही. १९७३ मधले क्लार्क आणि अलीकडचे क्लार्क यांच्या दरम्यान काहीतरी हरवले आहे, आणि जे हरवले आहे ते त्यांच्या पद्धतीत गौण नव्हते. ते तिचा पाया होते.

क्लार्क यांचा जन्म १९४३ चा, ब्रिस्टलचा. शिक्षण केंब्रिजला व पुढे लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये. १९६० नंतरच्या दशकात ते 'सिच्युएशनिस्ट इंटरनॅशनल' या पॅरिसकेंद्री क्रांतिकारी गटाच्या इंग्लिश शाखेत होते, आणि १९६७ च्या अखेरीस त्या शाखेतील सहकाऱ्यांसह त्यांची हकालपट्टी झाली. (या गटात येणाऱ्यांपेक्षा हाकलले जाणाऱ्यांचीच यादी अधिक नामांकित आहे.) या तपशिलाला केवळ चरित्रात्मक महत्त्व नाही. गी दबोर यांच्या नेतृत्वाखालील या गटाची धारणा अशी होती, की कलेचे युग संपले आहे. कलेने जे वचन दिले ते आता प्रत्यक्ष जीवनातच पुरे करावयाचे आहे. अशा गटातून बाहेर पडलेला तरुण थेट एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रांच्या अभ्यासाकडे वळतो, यातील विसंगती उघड आहे. पण त्या गटाकडून त्याने एक गोष्ट बरोबर आणली होती : भांडवली समाज प्रतिमांच्या द्वाराच आपली सत्ता चालवितो, आणि म्हणून प्रतिमा हे वास्तवाचे प्रतिबिंब नसून वास्तवातील एक रणक्षेत्र आहे, ही जाणीव.

१९७३ मध्ये क्लार्क यांची दोन पुस्तके एकदम प्रसिद्ध झाली : 'दि ॲब्सोल्यूट बूर्ज्वा' आणि 'इमेज ऑफ द पीपल'. दोन्हींचा काळ एकच, १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीपासून १८५१ च्या डिसेंबरातील लुई-नेपोलियनच्या सत्ताबळकावणीपर्यंतचा, म्हणजे जेमतेम चार वर्षांचा. पहिल्या पुस्तकात दोम्ये, मिये, दलाक्र्वा, बोदलेर यांनी या काळाशी कसे जमवून घेतले अथवा घेतले नाही याचा शोध आहे. दुसरे संपूर्णपणे ग्युस्ताव्ह कूर्बेवर आहे. या दुसऱ्या पुस्तकाचे पहिले प्रकरण आजही सामाजिक कलेतिहासाचा जाहीरनामा म्हणून अभ्यासक्रमांत वाचले जाते. त्यात नकारांची एक मालिकाच आहे. कलाकृती विचारप्रणालीचे 'प्रतिबिंब' असते ही कल्पना नको. इतिहास ही कलेची 'पार्श्वभूमी' असते ही कल्पना नको. चित्राचा रूपबंध आणि समाजाची रचना यांच्यात सादृश्य शोधण्याचा खेळ नको. मग उरते काय? या दोहोंना जोडणारी प्रत्यक्ष प्रक्रिया, जी प्रत्येक वेळी वेगळी असते आणि प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागते.

ही भूमिका मांडणे फार अवघड नाही. ती कृतीत उतरविणे अवघड आहे, आणि क्लार्क यांची थोरवी तेथे आहे. कूर्बेचे 'ऑर्नां येथील दफनविधी' हे चित्र १८५०-५१ च्या पॅरिसमधील सलाँमध्ये, म्हणजे शासकीय वार्षिक प्रदर्शनात, मांडले गेले. सुमारे सहा-साडेसहा मीटर रुंदीच्या या कापडावर एका खेड्यातील अंत्ययात्रेला जमलेली माणसे जवळजवळ पुरुषभर उंचीने ओळीत उभी आहेत : धर्मगुरू, पालखीवाले, नगराध्यक्ष, काळे कोट घातलेले गावचे प्रतिष्ठित, रडणाऱ्या बायका, एक कुत्रा. चित्रात बंड नाही, घोषणा नाही, अन्याय नाही. तरीही पॅरिसची समीक्षा त्यावर तुटून पडली. हे का व्हावे? कूर्बे समाजवादी होता म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. समाजवादी चित्रकार इतरही होते. त्याने कुरूपता रंगविली म्हणून, हे तर समीक्षकांचेच शब्द झाले. त्यांचे स्पष्टीकरण नव्हे.

क्लार्क यांचे उत्तर गुंतागुंतीचे आहे. त्यांच्या मते पॅरिसच्या मध्यमवर्गाचा मोठा भाग स्वतःच एकदोन पिढ्यांपूर्वी खेड्यातून आलेला होता. आपल्या उगमाविषयी त्याने एक मिथक रचले होते : खेडे म्हणजे एकजिनसी, वर्गविहीन, निसर्गाच्या कुशीतले जग, आणि शहरात येऊन बूर्ज्वा होणे ही शहराची देणगी. कूर्बेच्या चित्रात मात्र काळ्या कोटातला बूर्ज्वा खेड्यातच उभा होता, आणि शेतकऱ्यांच्या शेजारी. म्हणजे वर्गभेद ही शहराची मिरास नव्हती. खुद्द कूर्बेचे वडील शेतकरी आणि गावचा बूर्ज्वा यांच्या सीमारेषेवर वावरणारे जमीनमालक होते, याची नोंद क्लार्क चरित्राची गंमत म्हणून करीत नाहीत. ही सीमारेषाच चित्रात उतरली आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १८५० च्या सुमारास याच ग्रामीण फ्रान्समध्ये डाव्या प्रजासत्ताकवाद्यांचा प्रचार वेगाने पसरत होता. १८४८ मध्ये प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाल्यामुळे शेतकऱ्याचे मत निर्णायक झाले होते. अशा क्षणी खेड्याचे हे चित्र पाहणे म्हणजे पॅरिसच्या प्रेक्षकाला आपल्याच पायाखालची जमीन सरकताना पाहणे होते.

या विश्लेषणाचा पुरावा कोणता? येथे क्लार्क यांची खरी पद्धत दिसते. ते समीक्षकांनी काय म्हटले एवढेच पाहत नाहीत. ते कोठे अडखळले, कोणता शब्द पुन्हापुन्हा वापरला, कोणती गोष्ट समोर असूनही उल्लेखिली नाही, हे पाहतात. फ्रॉइडचा मनोविश्लेषक रुग्णाच्या बोलण्यातील खंड आणि पुनरुक्ती जशा ऐकतो, तशी ही वृत्तपत्री परीक्षणे ते ऐकतात. 'पब्लिक' म्हणजे प्रदर्शनाला आलेल्या माणसांची गोळाबेरीज नव्हे. ती चित्रकाराच्या मनात आणि समीक्षकाच्या भाषेत वसणारी एक कल्पित उपस्थिती आहे, आणि तिचा ठाव तिच्या बोलण्यातील बिघाडातूनच लागतो. हेच चित्र पॅरिसपूर्वी ऑर्नां, बझाँसाँ आणि दिजाँ येथे दाखविले गेले तेव्हा काय झाले, याचाही माग ते काढतात. एकच चित्र, तीन-चार गावे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा वेगळा अर्थ. अर्थ चित्राच्या आत बंदिस्त नसतो आणि प्रेक्षकाच्या मर्जीवरही सोपविलेला नसतो. तो या भेटीत घडतो.

ही पद्धत मराठी समीक्षेला अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्याला न कळणाऱ्या शब्दांची जी कबुली आहे, ती केवळ प्रांजळपणाची खूण म्हणून वाचली जाते. क्लार्क यांच्या रीतीने पाहिल्यास ती एका वाचकवर्गाच्या भाषेची सीमारेषा आहे, आणि संग्रहाचे राजकारण त्या सीमारेषेवर घडते. दलित कवितेच्या स्वीकाराचा इतिहास अशा अडखळण्यांच्या आधारे लिहिण्यासारखा आहे.

पुढची काही वर्षे क्लार्क यांच्या अध्यापनाची आणि वादांची आहेत. १९७४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मधील लेखात त्यांनी आपल्या ज्ञानशाखेलाच जाब विचारला : रीगल, ड्व्होर्झाक, वारबुर्ग यांच्या काळी जी शाखा मोठे प्रश्न विचारीत होती, ती आता संग्राहकांची आणि लिलावगृहांची चाकरी का करते? लीड्स विद्यापीठात त्यांनी सामाजिक कलेतिहासाच्या अध्यापनाची घडी बसविली. पुढे हार्वर्ड, आणि १९८८ पासून २०१० मध्ये निवृत्त होईपर्यंत बर्कली. या प्रवासाचा तपशील येथे द्यावयास नको. ज्या विषयाला त्यांनी तडे पाडावयाचे ठरविले, त्याच विषयाच्या सर्वांत प्रतिष्ठित आसनांवर ते बसले, एवढी नोंद पुरे.

१९८० मध्ये 'स्क्रीन' या चित्रपटसिद्धान्ताच्या नियतकालिकात एद्वार मानेच्या 'ऑलिंपिया'वरील त्यांचा लेख आला आणि पाच वर्षांच्या आत 'द पेंटिंग ऑफ मॉडर्न लाइफ' हा ग्रंथ सिद्ध झाला. 'ऑलिंपिया' १८६३ मध्ये रंगविले गेले व १८६५ च्या सलाँत मांडले गेले. बिछान्यावर पहुडलेली विवस्त्र स्त्री, शेजारी पुष्पगुच्छ घेऊन आलेली कृष्णवर्णीय दासी, पायथ्याशी काळे मांजर. क्लार्क पुन्हा परीक्षणांच्या ढिगात शिरतात आणि त्यांना आढळते, की तिशियनच्या व्हीनसशी असलेले चित्राचे उघड नाते बहुतेक समीक्षकांना दिसलेच नाही. दिसले ते मळकट शरीर, प्रेताचा रंग, माकडीण. वेश्येला सभ्य समाजाच्या कल्पनेत स्थान होते, पण ते श्रीमंतांच्या ऐश्वर्यवती गणिकेच्या रूपात. तिच्या सौंदर्याच्या झगमगाटात पैशाचा व्यवहार झाकला जाई. ऑलिंपियाने तो झगमगाट नाकारला. तिची नग्नता कोणत्याही देवतेची नव्हती. ती एका विशिष्ट वर्गातल्या स्त्रीची होती, आणि वर्ग देहावर दिसतो ही गोष्टच असह्य होती.

ग्रंथातील पुढची प्रकरणे पॅरिसच्या उपनगरांतील आणि मनोरंजनगृहांतील आहेत. ओस्मानने शहर फोडून नवे रस्ते काढल्यानंतर जुन्या वस्त्या विखुरल्या. रविवारी आगगाडीने आर्झाँतय किंवा आनियेरला जाणारा कारकून आणि दुकानातील विक्रेता हा नवा वर्ग निसर्गात आपला वर्ग विसरू पाहू लागला. मोने, सरा आणि मानेचे अखेरचे मोठे चित्र 'फोली-बेर्जेर येथील मद्यगृह' (१८८२) यांच्या वाचनात दबोर यांची 'तमाशा'ची संकल्पना, म्हणजे जगणे प्रतिमेत रूपांतरित होऊन वापरावयाची वस्तू बनते ही मांडणी, पार्श्वभूमीला आहे. पण क्लार्क तिला चित्रांवर लादत नाहीत. मद्यगृहातील त्या मुलीच्या मागील आरशात तिचे प्रतिबिंब भलतीकडेच सरकलेले आहे. या सरकण्याला सिद्धान्ताने गुळगुळीत करून टाकण्याचा मोह त्यांनी आवरला, हे ग्रंथाचे मोठे बळ आहे.

या ग्रंथाच्या मर्यादा इतरांनी दाखविल्या, आणि त्या खऱ्या आहेत. ग्रिझेल्डा पोलॉक यांनी १९८८ मध्ये विचारले, की आधुनिक पॅरिसच्या या नकाशात पुरुषाच्या नजरेला खुली असलेली ठिकाणेच का आहेत? मद्यगृहात आणि बुलेव्हारवर एकट्याने फिरणे ज्यांना शक्य नव्हते, त्या बर्त मोरिझो आणि मेरी कसाट यांच्या सज्जांना, बागांना आणि दिवाणखान्यांना आधुनिकतेत जागा नाही काय? दुसरी उणीव क्लार्क यांनी स्वतःच १९९९ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मान्य केली. ऑलिंपियावर इतकी पाने लिहिली आणि शेजारी उभ्या असलेल्या दासीविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही, हे एका मित्राने त्यांच्या लक्षात आणून दिले होते. ज्याने समीक्षकांच्या न पाहण्यावर आपली पद्धत उभारली, त्याचे स्वतःचेच न पाहणे असे उघडे पडावे, यात पद्धतीचा पराभव नाही. ती त्याच्यावरही लागू पडते, एवढेच सिद्ध झाले.

खरी अडचण वेगळी होती आणि ती १९८२ मध्येच वर आली होती. 'क्रिटिकल इन्क्वायरी'त क्लेमंट ग्रीनबर्ग यांच्या कलासिद्धान्तावर लिहिताना क्लार्क यांनी आधुनिकतावादाचे वर्णन नकाराची साधना असे केले. चित्रकलेने कथा, खोली, कौशल्य, सारे एकेक करून टाकून दिले, ते माध्यमाची शुद्धता गाठण्यासाठी नव्हे. बूर्ज्वा वर्गाने स्वतःची संस्कृती स्वतःच मोडीत काढल्यामुळे कलेला उद्देशून बोलावे असे कोणी उरले नाही, म्हणून. मायकेल फ्रीड यांनी त्याच नियतकालिकातून कडाडून उत्तर दिले, की आधुनिक चित्रे नाकारतात तेवढीच स्वीकारतातही. तो वाद अभ्यासकांना ठाऊक आहे. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की श्रोता नसलेली कला ही कल्पना मान्य केली, तर श्रोत्यांच्या बोलण्यावर उभारलेल्या इतिहासलेखनाचे काय होणार? क्लार्क यांनी १९८२ मध्ये हा प्रश्न कलेला विचारला. स्वतःच्या पद्धतीला त्यांनी तो तितक्या स्पष्टपणे विचारला नाही.

'फेअरवेल टु ॲन आयडिया' (१९९९) हा त्या प्रश्नाला दिलेला प्रदीर्घ, अप्रत्यक्ष जबाब आहे, आणि अनेकांच्या मते क्लार्क यांचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ. तो बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या दशकात लिहिला गेला. आधुनिकतावाद आणि समाजवाद ही दोन जुळी स्वप्ने होती आणि ती बरोबरच अस्तास गेली, अशी त्याची धारणा आहे; आधुनिक कला आता आपल्यापुढे प्राचीन अवशेषांसारखी पडून आहे. सात प्रकरणे, सात प्रसंग. सलग कथा नाही. आरंभ दाव्हिदच्या 'माराचा मृत्यू'पासून. हे चित्र १६ ऑक्टोबर १७९३ रोजी, म्हणजे मारी आंत्वानेतचा शिरच्छेद झाला त्याच दिवशी, पॅरिसमध्ये लोकांसमोर आले. क्लार्क यांची नजर माराच्या जखमेवर फारशी रेंगाळत नाही. ती वर जाते, चित्राच्या त्या अर्ध्या भागाकडे, जेथे केवळ रंगाचे खरवडल्यासारखे फटकारे आहेत आणि बाकी काहीच नाही. क्रांतीने 'जनते'ला सार्वभौम केले. परंतु जनता रंगवावयाची कशी, तिचे रूप कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती रिकामी जागा जनतेची आहे.

या वाचनाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. पण त्यात घडलेला बदलही नाकारता येत नाही. कूर्बेच्या प्रसंगी जनता परीक्षणांतून बोलत होती. येथे ती चित्रातील एका शून्यात जाऊन बसली आहे. पुरावा समाजाकडून कापडाकडे सरकला आहे. १९२० च्या सुमारास व्हिटेब्स्क येथे मालेविच व एल लिसित्स्की यांनी क्रांतीच्या प्रचारासाठी जे फलक रंगविले, त्यांवरील प्रकरणात हा ताण सर्वाधिक जाणवतो. कारखान्याबाहेर उभारलेला, कामगारांना कामावर परतण्याचे आवाहन करणारा आणि तरीही भौमितिक आकारांच्या गूढ भाषेत बोलणारा लिसित्स्कीचा फलक : तो कोणी वाचला? कामगाराने काय पाहिले? क्लार्क युद्धकालीन साम्यवाद, कोसळलेले चलन, अन्नटंचाई यांचा प्रचंड तपशील देतात, आणि त्या साऱ्यात प्रेक्षकाचा एक शब्दही निर्णायक ठरत नाही. तो सापडत नाही, याचे दुःख या प्रकरणाच्या गद्यातच मुरले आहे. पोलॉकवरील प्रकरणात मात्र एक प्रेक्षक सापडतो, आणि तो भयंकर आहे. मार्च १९५१ च्या 'व्होग'मध्ये सेसिल बीटनने पोलॉकच्या चित्रांसमोर उंची झगे घातलेल्या मॉडेल उभ्या करून छायाचित्रे काढली. अमूर्त चित्राने नकाराच्या टोकाला जाऊन जे मिळविले होते, ते मासिकाच्या पानावर भिंतीचा कागद होऊन बसले. क्लार्क हे दुरुपयोगाचे उदाहरण म्हणून सांगत नाहीत. तो उपयोग चित्रांना आपल्या भवितव्यात दिसत होता आणि ती त्याच्याशी झगडत होती, असे ते म्हणतात. येथे जुन्या पद्धतीची धार क्षणभर परत येते.

त्यानंतर आला एकान्त. २००० च्या जानेवारीत क्लार्क लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेत काही महिन्यांसाठी गेले. तेथे एकाच दालनात पूसँची दोन निसर्गचित्रे समोरासमोर होती : लंडनहून आलेले 'सर्पदंशाने मेलेल्या माणसाचे निसर्गदृश्य' आणि गेटीचे स्वतःचे 'शांत निसर्गदृश्य'. क्लार्क रोज सकाळी जाऊन ती पाहू लागले, टिपणे करू लागले. त्यातून 'द साइट ऑफ डेथ' (२००६) ही रोजनिशी तयार झाली. सकाळच्या प्रकाशात पाण्यावरचे प्रतिबिंब कसे दिसते, धावणाऱ्या माणसाचा पाय कोठे टेकतो, दूरवरच्या स्त्रीचे हात का पसरलेले आहेत, अशा नोंदींनी ती भरली आहे. डाव्या वर्तुळात कुजबुज झाली : म्हातारपणी सौंदर्यवादी झाले. हा आरोप उथळ आहे. सन २००५ मध्ये, म्हणजे याच सुमारास, 'रिटॉर्ट' या गटाचे एक लेखक म्हणून त्यांनी इराक युद्धाच्या राजकीय अर्थशास्त्रावरील 'ॲफ्लिक्टेड पॉवर्स' सहकाऱ्यांसह लिहिले होते. शिवाय पूसँसमोर महिनोन्महिने थांबणे, हाच क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रतिमांच्या राजवटीला दिलेला नकार आहे, हा त्यांचा दावा वजनदार आहे. आपल्याकडे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराला समाजविन्मुख ठरविताना जी घाई झाली, तीच घाई येथेही दिसते. बारकाईने पाहणे म्हणजे पाठ फिरविणे नव्हे.

परंतु एक फरक करावाच लागतो. 'द साइट ऑफ डेथ'मध्ये एकटा प्रेक्षक आपण एकटे आहोत हे जाणून लिहितो. त्याची रोजनिशी स्वतःच्या चुका खोडत नाही, आदल्या दिवशीचे मत दुसऱ्या दिवशी मागे घेते. त्या एकट्याच्या पाहण्याला सर्वांचे सत्य म्हणून मांडण्याचा मोह तिथे नाही. तो मोह पुढे दिसतो. २०१२ मध्ये 'न्यू लेफ्ट रिव्ह्यू'त आलेल्या आणि पुढे 'हेवन ऑन अर्थ' (२०१८) या ग्रंथाच्या अखेरीस समाविष्ट झालेल्या 'फॉर अ लेफ्ट विथ नो फ्यूचर' या निबंधात क्लार्क डाव्या राजकारणाला भविष्याची भाषा सोडून देण्यास सांगतात. युटोपिया नको, प्रतीक्षा नको. मनुष्यस्वभावातील हिंसेचे भान असलेला, शोकात्म दृष्टीचा, वर्तमानात रुजलेला संयत प्रतिकार हवा. सुझन वॉटकिन्स यांनी त्याच अंकात प्रतिवाद केला. तो राजकीय स्वरूपाचा होता आणि त्याची बाजू येथे तपासण्याचे कारण नाही. समीक्षेच्या दृष्टीने आक्षेप दुसरा आहे. या ग्रंथात ब्रूगेलच्या १५६७ मधील 'कोकेन देशा'च्या चित्रावर, झाडाखाली पोट फुटेस्तोवर जेवून आडवे पडलेल्या सैनिक, शेतकरी आणि पढीकावर, क्लार्क यांनी अप्रतिम लिहिले आहे. त्यांच्या पोटांचा भार आणि जमिनीचा कल यांचे असे वर्णन दुसरीकडे वाचावयास मिळत नाही. पण तेथून निघणारा निष्कर्ष असा, की ब्रूगेलला मनुष्यप्राण्याविषयी काहीतरी कायमचे ठाऊक होते. ज्या क्लार्क यांनी १९७३ मध्ये 'कायमचे' या शब्दाला कलेतिहासातून हाकलले होते, त्यांनीच त्याला मागच्या दाराने आत घेतले आहे.

यावर असे म्हणता येईल, की ब्रूगेलच्या ब्रसेल्समध्ये सलाँ नव्हते, दैनिके नव्हती, अडखळणारे समीक्षक नव्हते. पुरावाच नसेल तर इतिहासकाराने काय करावे? हे खरे आहे. तथापि पुरावा नसणे वेगळे आणि पुराव्याची गरज न वाटणे वेगळे. आल्बाचे सैन्य ज्या वर्षी नेदरलँड्समध्ये उतरले त्या वर्षी पेंगणारा सैनिक पाहून कोणाला काय वाटले असेल, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तरी प्रश्नाची जागा मोकळी ठेवता आली असती. दाव्हिदच्या चित्रातील त्या रिकाम्या वरच्या भागासारखी. तरुण क्लार्क यांनी ती मोकळी ठेवली असती. शोकात्म दृष्टी स्वतः नापसंत ठरत नाही. ती ज्या वाटेने आली ती वाट संशयास्पद आहे. प्रेक्षकसमूह विरून गेल्यावर एकट्या प्रेक्षकाला 'मनुष्यस्वभाव' फार लवकर सापडतो.

या पार्श्वभूमीवर पिकासोविषयीचे त्यांचे लेखन विशेष महत्त्वाचे ठरते. २००९ मध्ये वॉशिंग्टनला दिलेल्या मेलन व्याख्यानांवर आधारलेले 'पिकासो अँड ट्रूथ' २०१३ मध्ये आले. चरित्रातील प्रेयस्यांच्या यादीने पिकासोचा उलगडा करण्याच्या प्रथेवर त्यांनी त्यात योग्य तो राग काढला आहे. त्यांच्या मते पिकासोचे विश्व खोलीचे होते : चार भिंती, टेबल, गिटार, खिडकी, हाताच्या अंतरावरचे, मालकीचे जग. १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या दालनासाठी 'ग्वेर्निका' रंगविताना याच चित्रकाराला खोली फोडून रस्त्यावर यावे लागले, आणि ते त्याला सहज जमले नाही. चित्रातील अवकाश आत आहे की बाहेर, दिवा घरातला की आकाशातला, फरशी आहे की चौक, हा गोंधळ चित्रकाराची चूक नसून सार्वजनिक होण्याची किंमत आहे. २०१७ मध्ये माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात ॲन वॅग्नर यांच्यासह क्लार्क यांनी या चित्राभोवती 'दया आणि भय' या विषयसूत्राचे प्रदर्शनही मांडले.

येथे, आणि बहुधा येथेच, उत्तरकालीन क्लार्क यांच्यासमोर पुन्हा एक खराखुरा प्रेक्षकसमूह उभा राहतो. 'ग्वेर्निका' दशकानुदशके न्यूयॉर्कला राहिले, फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये स्पेनला आले, १९९२ मध्ये रेना सोफियात. दरम्यान त्याच्या प्रतिकृती नाना देशांतील मोर्च्यांत माणसांनी हातात धरल्या. या माणसांनी त्यात काय पाहिले, कोणता तुकडा मोठा केला, कोणता गाळला, घोड्याला काय म्हटले आणि बैलाला काय? क्लार्क या लोकांची दखल घेतात, त्यांच्या उपस्थितीमुळेच चित्र आज आपल्यासाठी जिवंत आहे असेही मानतात. पण बझाँसाँ आणि दिजाँच्या प्रेक्षकांमागे ज्या हट्टाने ते धावले होते, तसे ते यांच्यामागे गेलेले नाहीत. २०२२ मधील सेझानवरील ग्रंथ आणि कला-राजकारणावरील निबंधांचा २०२५ चा संग्रह यांतही मुख्य उद्योग चित्रासमोर थांबण्याचाच आहे. मोर्च्यातील फलकांवरच्या 'ग्वेर्निका'चा इतिहास, छापील पत्रकांत आणि घाईघाईने रंगविलेल्या कापडांत विखुरलेला, अजून 'इमेज ऑफ द पीपल'च्या लेखकाची वाट पाहतो आहे.